वकीलसाहेबांची पखाल

कुणी काही खबर घेऊन आलं की वकीलसाहेब आधी चष्मा कपाळावर सरकवायचे, समोरच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि विचारायचे, "पाह्यलं का ऐकलं?" उत्तर ‘ऐकलं’ असं आलं की चष्मा पुन्हा नाकावर येई आणि साहेब हातातल्या कागदाकडे वळत. खबर तिथंच संपे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यापुढे तोंड उघडण्याआधी आपण आपलं वाक्य एकदा मनात तपासून घेतो. परभणीत, निजामाच्या राज्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आमच्या गल्लीपुरता तो माणूस म्हणजे वकीलसाहेब. मी तेव्हा हैदराबादच्या एका साप्ताहिकाला जिल्ह्याच्या बातम्या पाठवत असे. माझ्या बहुतेक बातम्या त्यांच्या ओट्यावर मरत. ज्या जगत, त्या छापून आल्यावर मागे घ्याव्या लागत नसत.

ते मूळचे बोरीचे. घरची शेती, मळ्यात विहीर, विहिरीवर चामड्याची मोट. वकील झाले तरी बांधाचा दावा आला की काळ्या कोटासकट बांधावर जाऊन उभे राहत आणि तसेच चिखलाच्या बुटांनी कोर्टात येत. एकदा मुन्सफसाहेब भर कोर्टात त्यांना म्हणाले होते की, आपके जूते देखकर मुकदमा समझ में आ गया, आप तशरीफ रखिए. हा किस्सा वकीलसाहेब स्वतः सांगत नसत. कारकून सांगत आणि दर वेळी बुटांवरचा चिखल थोडा वाढवत.

सरकारनं त्यांना हैदराबादच्या कायदे कौन्सिलवर नामजद केलं, त्याची कारणं साधी होती. उर्दू उत्तम, आवाज हलका, कुठल्याही चळवळीत नाव नाही. असा माणूस कौन्सिलात शोभेल आणि त्रास देणार नाही, असा वरचा अंदाज होता. कौन्सिलात बहुतेक सभासद सरकारी किंवा सरकारनं नेमलेले. प्रश्न आधी लेखी द्यायचा आणि मंजूर झाला तरच विचारायचा. फौजेबद्दल मात्र विचारायचाच नाही, अशी पद्धत होती.

आणि फौज तर आमच्या दारावरून चालली होती. रियासतीच्या पलटणी समुद्रापार लढाईवर गेल्या होत्या. बोरीचीही काही पोरं त्यांत होती. त्यांच्यासाठी जिल्ह्यातून घोंगड्या, तूप, दोरखंड, चामड्याच्या वस्तू असं बरंच काही रवाना होई. वकीलसाहेबांनी पहिल्याच बैठकीसाठी प्रश्न पाठवला, की समुद्रापार जाणाऱ्या घोंगड्या पसंत करणाऱ्यांपैकी कुणी त्या थंडीत पांघरून पाहिल्या आहेत काय. प्रश्न नामंजूर होऊन परत आला. ते मला म्हणाले, "म्हंजे कोणीच पांघरल्या न्हाईत."

त्यांची एकुलती एक मुलगी गोदू ताडकळसला दिलेली होती. तिचे सासरे मोठे शेतकरी, गावात मान असलेले. लढाईच्या दिवसांत त्यांना फौजेच्या पखालींचा ठेका मिळाला. पखाल म्हणजे खेचराच्या पाठीवर लादायची पाण्याची चामडी पिशवी. वाळूच्या मुलखात पलटणीचं पाणी तिच्यातूनच पुढे जातं. या व्याह्यांनी जन्मात चामड्याला हात लावला नव्हता आणि ठेका मिळाल्यावरही लावला नाही. माल पसंत करायला परभणीहून जी कमिटी आली, तिच्यातल्या साहेबलोकांचंही तेच. पखाली भुसा भरून, फुगवून, रांगेनं मांडल्या होत्या. साहेबांनी काठीच्या टोकानं एकेक टोचून पाहिली, शिवण ठीक आहे म्हणाले आणि शिक्के मारायला सांगून चहाला बसले. पाणी कुणी मागवलं नाही. पाण्यानं शिक्का पसरेल, असं त्यांच्यातलाच एकजण म्हणाल्याचं मला पुढे त्या कमिटीच्या कारकुनाकडून कळलं.

यात लबाडी किती आणि घाई किती, हे मी आजही सांगू शकत नाही. चामडं बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरायला वेळ घेतं. वरून तगादा होता. ते कच्चंच बाहेर काढलं गेलं, एवढं नक्की.

गोदूला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, त्याला वकीलसाहेब आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ताडकळसला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही सगळीकडची रीत. नववा लागला की गोदूला परभणीला आणायचं, हे त्याच दिवशी ठरलं. जेवणं झाल्यावर साहेब बैल पाहायला म्हणून गोठ्यात गेले. तिथं आढ्याला शिक्क्याची नवी कोरी पखाल टांगलेली होती आणि आत सरकी भरलेली होती. त्यांनी विहीणबाईंना सहज विचारलं, एवढी नवी चीज गोठ्यात कशी. विहीणबाई सरळ स्वभावाच्या.

"पाणी ठरत न्हाई तिच्यात, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "सरकी ठरती, म्हनून टांगली."

साहेबांनी ती पखाल बोरीच्या बैलांसाठी म्हणून मागून घेतली. आमच्या भागात नवी मोट विकत घेताना शेतकरी ती सकाळी पाण्यानं भरून विहिरीजवळच्या लिंबाला टांगतो आणि खाली चुलीतली कोरडी राख पसरतो. दिवस मावळताना राख पाहायची. ती कोरडी असेल तर सौदा पक्का. साहेबांनी आपल्या मळ्यात पखालीला हीच रीत लावली. दुपारच्या आतच राखेचा चिखल झाला.

ते आधी व्याह्यांकडेच गेले. या भेटीला मी हजर होतो. बाजाराच्या बातमीसाठी मला ताडकळसला जायचं होतं, म्हणून त्यांच्या टांग्यात बसलो होतो. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पानाचा डबा पुढे सरकवला.

"कमिटीनं पास केलाय माल," ते म्हणाले. "तुमी काय कमिटीच्या वर हाव का?"

"न्हाई. मी पखालीच्या खाली व्हतो. भिजलो."

व्याही हसले, पण फार वेळ नाही. साहेबांनी त्यांना समजावून पाहिलं, की माल अजून परभणी स्टेशनावर पडून आहे, आपण होऊन परत मागवा, चामडं पुन्हा मुरवा, कुणाला कळायचंही नाही. व्याह्यांचं म्हणणं असं, की शिक्का बसला म्हणजे माल सरकारचा. परत मागवला तर मीच चोर ठरतो. दोघांचंही आपापल्या जागी चुकत नव्हतं, असं मला तेव्हा वाटलं. बाहेर आल्यावर मी तसं बोललो. साहेब म्हणाले की, खेचरावरचं पाणी गळून गेल्यावर त्या पोरांनी ही ‘आपापली जागा’ कुठं शोधायची.

त्यांनी कौन्सिलकडे प्रश्न पाठवला. खबर ताडकळसला पोचली आणि तिकडून सांगावा आला, की प्रश्न विचारला गेला तर गोदू माहेरी येणार नाही.

काकूंनी बाळंतिणीची खोली सारवून ठेवली होती. बाज नवी विणून घेतली होती, डिंक निवडून ठेवला होता. त्या माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "तुमचे जवान कोन्या मुलखात हायेत ते देवाला ठाव. माझी लेक हितं चार कोसावर हाय." साहेब चष्मा पुसत बसले. त्या दिवसापासून त्या घरात जेवायला वाढलं जाई, पण बोललं जात नसे.

हैदराबादला निघण्याआधी ते एकटेच ताडकळसला जाऊन आले. गोदूला ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळलेली त्यांना चालणार नव्हती. ती विहिरीवर भेटली. तिथं काय बोलणं झालं, हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी, काकू वारल्यावर सांगितलं. गोदू म्हणाली होती, "अण्णा, इचारा तुमी. पण मी असं म्हणले म्हणून आईला सांगू नका."

कौन्सिलची ती बैठक मी बातमीदारांच्या बाकावरून पाहिली. प्रश्न फौजेबद्दल नव्हता. तो शेतीखात्याला होता. परभणी जिल्ह्यात मोटेसाठी चामडं मिळेनासं झालं आहे, ते कुठं जातं, आणि जिथं जातं तिथं ते पाणी धरतं काय. प्रश्न मंजूर करणाऱ्यानं शेवटचा तुकडा वाचला नसावा. अध्यक्षस्थानी बसलेल्या सदरसाहेबांनी मात्र तो ऐकताच हात वर केला आणि हा फौजेचा मामला आहे, असं बजावलं.

वकीलसाहेब उर्दूत, त्यांच्या त्या हलक्या आवाजात म्हणाले, "जनाब, मी फौजेचं नाव घेतलेलं नाही. मी चामड्याबद्दल विचारतो आहे. ते व्हरांड्यात टांगलं आहे."

सकाळी लवकर येऊन त्यांनी ती पखाल पाण्यानं भरून व्हरांड्यातल्या कंदिलाच्या आकड्याला अडकवली होती. एक चपराशी खाली बादली धरून बसला होता. गालिचा भिजला तर आपली नोकरी जाईल, या भीतीनं तो उठायला तयार नव्हता. सभागृहात थोडी कुजबुज झाली. कुणी हसलं. मग सरकारी बाकावरचे एक फौजी अधिकारी उठले आणि बाहेर गेले. उघड्या दारातून मला दिसलं, ते बादलीशेजारी उभे राहिले, पखालीखाली तळवा धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. परत आले, तेव्हा हात रुमालानं पुसत होते. सदरसाहेबांनी पुढचा प्रश्न पुकारला.

माझ्या वृत्तांतातून सेन्सॉरनं जेवढं सोडलं, ते असं होतं: परभणीच्या सभासदांनी मोटेच्या चामड्याच्या टंचाईकडे सरकारचं लक्ष वेधलं. दुसरं काही छापून आलं नाही. पण परभणी स्टेशनावर पडलेला माल तिथंच थांबला. पाण्याचा टँकर लावून एकेक पखाल भरून पाहिली गेली आणि माल गाड्यांवर घालून ताडकळसला परत आला. व्याह्यांवर खटला झाला नाही. त्यांनी तो पुन्हा मुरवून, पुन्हा शिवून द्यावा, असा हुकूम निघाला, आणि त्यांनी तो पाळला. या खेपेला कारागिरांशेजारी ते स्वतः बाह्या सारून बसत, असं ताडकळसची माणसं सांगत. मी ते पाहिलं नाही.

कौन्सिलची नवी यादी निघाली, तेव्हा तिच्यात वकीलसाहेबांचं नाव नव्हतं. मी ओट्यावर जाऊन सांगितलं. ते म्हणाले, रेल्वेचा प्रवास तसाही पाठीला सोसत नव्हता.

नववा महिना लागला. गोदू आली नाही. काकूंनी बाज भिंतीला टेकवून ठेवली. साहेब रोज कोर्टातून आल्यावर त्या खोलीच्या दारात जरा थांबत आणि मग पुढे जात. हे त्यांनी कुणाला दाखवण्यासाठी केलं नाही. माझी खिडकी समोर होती, म्हणून दिसलं.

रियासत बुडाली, त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की कौन्सिलातला तो दिवस लोक पुढे करतात. मला ते आठवतात ताडकळसच्या गल्लीत.

गोदू सासरीच सुखरूप बाळंत झाली होती. मुलगी झाली, असा विहीणबाईंचा निरोप आला. वकीलसाहेब निघाले आणि मला बरोबर चला म्हणाले. काकूंनी यायला नकार दिला, पण झबली आणि टोपडी गाठोड्यात बांधून माझ्या हातात दिली. उन्हाळ्याचे दिवस होते. आम्ही पोचलो, तेव्हा व्याही ओट्यावर बसलेले होते. त्यांनी या म्हटलं नाही. साहेबांनीही पायरीवर पाय ठेवला नाही. गल्लीत उन्हातच उभे राहिले. शेजारपाजारच्या दारांतून माणसं पाहत होती.

विहीणबाई आतून आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पायऱ्या उतरून गल्लीत आल्या आणि धुवट लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं बाळ साहेबांच्या हातांवर ठेवलं. साहेबांनी चष्मा वर सरकवायला हवा होता, पण हात मोकळे नव्हते. बाळाच्या डोळ्यांवर ऊन आलं आणि ते रडायला लागलं.

व्याही उठले. भिंतीच्या खुंटीवरची छत्री काढली, खाली आले आणि ती उघडून बाळावर धरली. त्यांचं तोंड दुसरीकडे होतं. छत्री एकच होती. बाळाला सावली करायची तर व्याह्यांना साहेबांच्या अगदी खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागत होतं, आणि ते तसे उभे होते.