उशीच्या अभ्र्यातलं झाड

आजवर आमच्या घरी जेवढे पाहुणे राहून गेले, त्यांत सगळ्यात कमी बोलणारा आणि एकदाही चहा न मागणारा पाहुणा एका कुंडीत होता. पोलीस मात्र नेमके त्याच्यासाठी आले.

विसरवाडीच्या चौफुलीवर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक फोन बिघडला म्हणून येतात आणि निम्मे फसले म्हणून. कुणाला लॉटरी लागलेली असते, कुणाचं वीजबिल थकलेलं असतं, आणि सगळ्यांनी कुठलं तरी बटण दाबलेलं असतं. त्यामुळे मी संशयी झालोय असं लोक म्हणतात. (असं म्हणणाऱ्यांवर मी लक्ष ठेवून असतो.)

तर एक दिवस माझ्या बायकोनं, सुरेखानं, फोनमध्ये एक अ‍ॅप घेतलं. नाव ‘हिरवा पाहुणा’.

“लोके गावले जातस ना, तवय त्यासनी घरमधली झाडे आपल्याकडे ठेई जातस,” ती म्हणाली. “आपन पानी घालानं. पैसा भेटतस.”

“फुकट पैसा कोन देस?”

“फुकट काबरं? पानी घालाना देतस.”

मी तासभर ते अ‍ॅप उलटंसुलटं करून पाहिलं. त्यात ओटीपी मागत नव्हते, लॉटरी लागली म्हणत नव्हते. माझा संशय आणखी वाढला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, काहीच न मागणारं अ‍ॅप मी पाहिलं नव्हतं. त्यात एक बटण होतं, ‘पाहुण्याची माहिती’. मी सुरेखाला बजावलं, “बाकी काय करानं ते कर. ह्या बटनले हात लावू नको. पैसा आसाच बटनवरथीन जातस.”

पहिला पाहुणा आला तो धुळ्याच्या गाडीतून. एक बाई उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला घट्ट बांधलेली ओढणी आणि हातात उशीचा अभ्रा घातलेली कुंडी. आता, आमच्यापुढं नवापूर आणि नवापूर ओलांडलं की गुजरात, त्यामुळे चौफुलीवर झाकलेली वस्तू घेऊन उतरणाऱ्याकडे गावात कुणी साध्या नजरेनं बघत नाही. मी तर मुळीच नाही.

“सुरतेला मुलीकडे निघालेय,” बाई म्हणाल्या. “झाड सोबतच नेत होते. आता वाटेत तिचा फोन आला, आणू नको, मांजर पाळलंय म्हणून. अ‍ॅपवर जवळचं घर तुमचंच दिसलं.”

“याला झाकलंय कशाला?” मी विचारलं.

“वारा सोसत नाही त्याला. आणि हे बघा, फार कुणाला दाखवू नका. लगेच दृष्ट लागते.”

बाई गेल्या. सुरेखानं अभ्रा काढला. आत गुडघ्याएवढं झाड. काळपट हिरवी, लांब, निमुळती पानं, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, कडांना करवतीसारखे दाते. मी असं झाड कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण फोटोत पाहिलं होतं. पेपरात. अशा झाडांच्या ढिगामागं पोलीस रांगेत उभे असतात आणि पुढं तोंड झाकलेला एक माणूस बसवलेला असतो.

तेवढ्यात शेजारचे धनराजअप्पा आले. अप्पा एसटीत कंडक्टर होते. प्रवाशांच्या पिशव्यांत काय असेल याचा अंदाज बांधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी कुंडीला फेरी मारली, एक पान चोळून नाकाला लावलं आणि दार लोटून घेतलं.

“भाऊ, हाई झाड कोनी आनं?”

“एक बाईनी.”

“तोंड देखं का तिन्हं?”

“नही. बांधेल व्हतं.”

अप्पांनी मान हलवली. “मंग इचारानं काय ऱ्हायनं? गांजा शे हाऊ.”

सुरेखा म्हणाली, “अप्पा, तुम्ही गांजा देखेल शे का कधी?”

“म्या काबरं देखसू?” अप्पा एकदम ताठ झाले. “म्या फक्त आयकेल शे.”

मी बाईंना फोन लावला, तर लागेना. अ‍ॅपवर लिहिलं, ‘हे झाड कसलं आहे? ताबडतोब कळवा.’ तिकडून उत्तर आलं, ‘तुमचा पाहुणा आज आनंदी आहे का?’ खाली तीन तोंडं, हसरं, साधं आणि रडकं. मी रडकं दाबलं. उत्तर आलं, ‘त्याच्याशी थोडं प्रेमानं बोलून पाहा.’

त्यात रोज पाहुण्याचा एक फोटो पाठवायचा नियम होता. सुरेखा झाड खिडकीशी ठेवून फोटो काढायला लागली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फोटोत आमची भिंत, आमचा पडदा, आमच्या लग्नाची फ्रेम. म्हणजे आमच्याविरुद्धचा पुरावा आम्हीच रोज पाठवायचा. मी झाड उचललं आणि न्हाणीघरात नेऊन ठेवलं.

याचा परिणाम एवढाच झाला की मी अंघोळ करताना झाडाकडे पाठ करून बसू लागलो.

अप्पांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. न्हाव्याकडे दाढी करताना फक्त एकदा विषय निघाला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात भलतीच गिऱ्हाइकं येऊ लागली. एक ट्रकवाला चार्जर बघत बघत जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, “भाऊ, वो घरवाला माल है क्या?” मी त्याला काचा बदलायच्या फोनांचा डबा दाखवला. त्यानं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी फारच सावध माणूस आहे, अशी त्याची खात्री झाली असावी.

आता अब्रूचाच प्रश्न होता. चौफुलीवर दुकान चालतं ते नावावर. ते नाव एकदा पेपरात आलं की खांडबाऱ्याचे माझे सासरेही ओळख दाखवणार नाहीत. म्हणून मी ठरवलं, पोलीस घरी यायच्या आधी आपणच झाड घेऊन पोलिसांकडे जायचं.

“आधी त्या बाईले परत फोन लावा,” सुरेखा म्हणाली.

“ती उचलाव नही. टोळी शे ती.”

मी कुंडीवर अभ्रा चढवला, ती मागच्या अंगणात स्कूटरजवळ ठेवली आणि शर्ट बदलायला आत गेलो. पोलिसांकडे इस्त्रीचा शर्ट घालून गेलं की बरं असतं, असं माझं मत आहे. शर्ट सापडला, इस्त्री सापडेना. ती सापडेपर्यंत अप्पांची बकरी कुंपणातून आत आली होती. मी बाहेर आलो तेव्हा अभ्रा जमिनीवर होता, कुंडीत वीतभर दांडा होता आणि बकरी शेवटची फांदी चावत शांतपणे माझ्याकडे बघत होती.

मी अप्पांना हाक मारली. अप्पा धावत आले आणि त्यांनी डोक्याला हात लावला.

“आख्खं खाई गयी? आते हाई बकरी नाचाले लागी का काय?”

आम्ही तिघं ओळीनं ओट्यावर बसलो आणि बकरीकडे बघत राहिलो. बकरी आमच्याकडे बघत राहिली.

“देख, देख,” अप्पा कुजबुजले. “कशी एकटक देखी ऱ्हायनी. चढनी तिले.”

“ती रोजच आशी देखस,” सुरेखा म्हणाली.

मग बकरी खाली बसली. अप्पांचे डोळे पाणावले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि हवालदार आत आले.

“इथं गांजाचं झाड आहे म्हणे?”

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, “म्या सांगं नही. फक्त इचारं, आसं झाड घरमा ठेवाले चालस का म्हनीसन.”

“झाड कुठंय?” हवालदारांनी विचारलं.

आम्ही तिघांनी बकरीकडे पाहिलं. हवालदारांनीही पाहिलं.

“म्हणजे पुरावा नष्ट केला,” हवालदार म्हणाले.

“मी नाही साहेब, हिनं.” मी बकरीकडे बोट दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका जनावराविरुद्ध साक्ष देत होतो, आणि तिचा मालक शेजारी बसून ती ऐकत होता.

सुरेखा उठली. जमिनीवर एक पान पडलं होतं. तिनं ते उचलून फोनसमोर धरलं आणि मी हात लावू नको म्हणून बजावलेलं ‘पाहुण्याची माहिती’ हे बटण माझ्यादेखत दाबलं. क्षणात झाडाचा फोटो आला, नाव आलं, ‘फॉल्स अरेलिया’, आणि खाली मराठीत लिहून आलं, ‘शोभेचं झाड. पानांमुळे लोकांचा गैरसमज होतो. मांजर, कुत्र्यांना अपाय नाही.’

हवालदारांनी ते दोनदा वाचलं. “बकरीचं काही लिहिलेलं नाही,” ते म्हणाले.

बकरी उठली, अंग झटकलं आणि हवालदारांच्या खिशातला रुमाल ओढायला लागली. तिची तब्येत उत्तम असल्याचं सगळ्यांना पटलं.

मग हवालदार माझ्याकडे वळले. “मोबाइलचं दुकान तुमचंच ना?”

“हो.”

“आणि बटण बाईंनी दाबलं.”

मी जमिनीवरचा अभ्रा उचलून झटकायला लागलो. सुरेखानं चहा ठेवला. अप्पा बकरी घेऊन चहा न घेताच निघून गेले.

संध्याकाळी सुरेखानं बाईंना पुन्हा फोन लावला. या वेळी लागला. तिनं काही न लपवता सगळं सांगून टाकलं. मी बाजूला उभा राहून नुकसानभरपाईचे आकडे मनात धरत होतो. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या मुलीनं फोन काढून घेतला.

परतताना त्या आल्या तेव्हा दांड्याला तांबूस कोंब फुटले होते. त्यांनी ते निरखून पाहिले. “छाटायचंच होतं हो मला. जीव होत नव्हता इतकंच. बकरीचे उपकार झाले.”

इतकी चांगली बाई कशी काय असू शकते, असा मला पुन्हा संशय आला. पण सुरेखानं माझ्याकडे पाहिलं आणि मी तो गिळला.

आता आमच्याकडे दर सुट्टीत झाडं येतात. खिडकीत जागा उरत नाही. परवा अ‍ॅपनं सगळ्या घरांना एक नवा प्रश्न पाठवला, ‘तुमच्या घरी झाडांना त्रास होईल असं कुणी आहे का?’ सुरेखानं काय उत्तर दिलं ते मी तिच्या पाठीमागून वाचलं. तिनं लिहिलं होतं, ‘बकरी शेजाऱ्यांची आहे, ती बांधलेली असते. नवरा माझा आहे, तो मोकळा असतो.’