शांतारामच्या बॅगेतला कांदा

परमिट मिळालं होतं. परमिट म्हणजे लाइन बंद केल्याची उपकेंद्राची लेखी हमी. आम्ही ते परत करेपर्यंत तिकडं कुणी स्विचला हात लावत नाही. पिंपळवंडीच्या शिवारात पोलवरचा इन्सुलेटर फुटला होता, तो बदलायचा होता. मोटारी चालू व्हायची वाट बघत शेतकरी बांधावर बसले होते.

"दत्ताभाऊ, चढा," मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या ज्युनिअर इंजिनिअर, नव्याच आलेल्या.

मी सेफ्टी बेल्ट हातात धरून उभाच. एरवी माझ्या जोडीचा लाइनमन शांताराम चढायचा. माझ्यापेक्षा वयानं मोठा, पण पोल दिसला की हा पुढं. "तुला न्हाई जमायचं, तू खाली दोर धर," असं चारचौघांत म्हणायचा. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. त्या दिवशी त्याचा गुडघा सुजून टम्म झाला होता.

बरं का वाटायचं, ते आता सांगतो. मला फिट्स येतात. डोक्यात क्षणभर शॉर्टसर्किट होतं म्हणा. सकाळ-संध्याकाळ वेळेवर गोळी घेतली की सगळं सुरळीत चालतं. त्यासाठी मोबाइलवर अलार्म लावलेला. तो वाजला की मी "घरून फोन आहे" म्हणून बाजूला जायचो. सगळे हसायचे, "वहिनी लई कडक हायेत राव." बिचारीनं मला कामावर कधीच फोन केला नव्हता. डॉक्टरांनी उंचावर चढायला मनाई केली होती. नोकरी जाईल या भीतीनं ते मी ऑफिसात कुणालाच कळू दिलं नाही.

आदल्या दिवशी शिनोलीला मेव्हण्याकडं जत्रेला गेलो आणि गोळ्या घरीच राहिल्या. वर जागरण झालं. सकाळी तिथूनच तसाच कामावर.

शांताराम लंगडत येऊन पोलखाली दोर धरून उभा राहिला. मी पडलो असतो तर त्याच्याच अंगावर.

"मॅडम, मी चढत नाही. मला फिट्स येतात. कालपासून गोळी घेतलेली नाही."

शांताराम म्हणाला, "बोललास बाबा एकदाचा." आणि त्यानं टूलबॅगेतून कांदा काढला. तो कांदा मी कितीतरी दिवस बघत होतो. जुना झाला की नवीन यायचा. एकदा मी तो भाकरीबरोबर फोडला, तर हा दिवसभर बोलला नव्हता.

"हा कशाला?" मॅडमनी विचारलं.

"ह्याला फिट आली तर हुंगवायला. मागं आळेफाट्यावर चा पिताना आली व्हती. कप हातात, नजर भलतीकडं. मग सगळा चा शर्टावर. ह्याला काय बी आठवत न्हाई."

मला आठवत होतं ते एवढंच, की शांतारामचा धक्का लागून चहा सांडला. त्याबद्दल मी त्याला शिव्याही दिल्या होत्या.

"म्हणून तुम्ही चढत होता?" मॅडमनी त्याला विचारलं.

"मग काय ह्याला चढू देऊ?"

"मला सांगायचं होतं."

"तुमी काढलं असतं ना ह्याला."

मॅडमनी आम्हा दोघांना तिथंच झापलं. बांधावरून कुणीतरी म्हणालं, "आज काय मोटार चालू व्हत न्हाई पावणं." पण आळ्याहून दुसरी टीम आली आणि काम झालं. मला जीपनं घरी पाठवलं. चुकलेल्या गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांना फोन करून विचारलं.

पुढं शांतारामला घेऊनच दवाखान्यात गेलो. डॉक्टर त्याला म्हणाले, "कांद्यानं काही होत नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर सरळ इकडं आणायचं." शांतारामनं मान डोलावली, पण तोंड पडलं होतं.

नोकरी गेली नाही. आता मी उपकेंद्रात दिवसपाळीला असतो आणि परमिट मीच देतो. अलार्म वाजला की सगळ्यांसमोर गोळी घेतो. लाइनची खात्री केल्याशिवाय पोलला हात लावायचा नाही, हे मी नव्या लोकांना रोज बजावतो. माझ्या स्वतःच्या लाइनची खबर मात्र मी दाबून ठेवली होती, आणि ती झळ शांतारामच्या गुडघ्यांनी सोसली.

कांदा अजून बॅगेत असतो. फक्त आता जेवताना आम्ही तो अर्धा-अर्धा खातो.