खुणा नसलेले बल्ब

दुष्काळी कामासाठी आमची लष्कराच्या इंजिनिअर्सची तुकडी शिरूर कासारजवळच्या एका गावात आली. मी सॅपर मिसाळ, स्टोअरमन. मूळ जवळच्याच तलवाड्याचा, म्हणून मला मुद्दाम घेतलेलं. गावाशी बोलायला माणूस हवा होता. मुक्काम सोसायटीच्या गोदामात. खत नाही, बी नाही, गोदाम रिकामं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं.

काम एकच. गावची विहीर खोल करायची आणि तळातून आडवं भुयार काढायचं. सहाला हजेरीचं फॉल-इन, सातला काम सुरू. सुरुंगाची दारू जवळ असायची, त्यामुळे कंदिलाला बंदी. टॉर्च तीन, तिन्ही तीन सेलचे.

येताना गाडी आदळून बल्बचा डबा उपडा झाला होता. दोन, तीन आणि पाच सेलचे बल्ब एकत्र झाले. एकावरही आकडा नव्हता, दिसायला सगळे सारखे. नायब सुभेदार साहेब म्हणाले, "मिसाळ, आजच निवडून ठेव." मी "जी साब" म्हणालो. निवडले नाहीत.

चौथ्या दिवशी १५:१० ला भुयाराच्या तोंडाशी दरड कोसळली. आत कोंडिबा आणि त्याचा धाकटा भाऊ नामदेव, गावातलेच विहीर खोदणारे. लान्स नायक जाधव दोराने उतरला. त्याच्या टॉर्चमध्ये बल्ब मी घातला होता.

"मिसाळ, लाइट गेली!" जाधव खालून ओरडला.

दुसरा टॉर्च सोडला. तो पांढराफेक पेटला आणि विझला. दोन सेलचा बल्ब तीन सेलांवर टिकत नाही.

"कितना टाइम?" साहेब ओरडले.

"दस मिनट, साब."

उन्हात मंद उजेड दिसेना. डोक्यावर पोतं घेतलं. एक नवा सेल, एक तार, एकेक बल्ब टेकवून पाहायचा. दोन सेलचा चांगला उजळतो, तीनचा मळकट पिवळा, पाचची नुसती तार लाल होते. घाईत दोन बल्ब मातीत पडले. खालून कोणीतरी कण्हत होतं.

नऊ मिनिटांनी चालू टॉर्च खाली गेला. जाधव थांबलाच नव्हता. अंधारात चाचपडत त्याने कोंडिबाला बाहेर ओढलं होतं. कोंडिबाला दोराला बांधून तो टॉर्च घेऊन परत आत शिरला. १५:३८ ला भुयाराचं छत बसलं.

चौकशीत मी सगळं सांगितलं. शिक्षा झाली, भोगली. ती नऊ मिनिटं मात्र संपत नाहीत. आजही जेवताना मधेच उठतो, अंगणात फेऱ्या मारतो.

पेन्शनीवर आल्यावर कोंडिबाकडे गेलो. बल्बचं सांगितलं. तो जमिनीवर बोट ओढत म्हणाला,

"दादा, वर येताना मीच जाधवांना म्हनलो, नामदेव जिता हाय, जा."

"मग?"

"जिता हाय का न्हाई, मला कुठं ठाव व्हतं?"

त्याने चहा ठेवला, दोघांनी घेतला.

लान्स नायक आत्माराम जाधव, कराडकडचा, वय सव्वीस. नामदेव, वय एकोणीस. त्या दिवशी संध्याकाळी दगड उपसून दोघांना काढलं तेव्हा मी खालीच होतो. जाधवचा हात नामदेवच्या काखेत घट्ट होता. तो पोचला होता.