गोल बसवणाऱ्या मॅडम

धंतोलीतल्या नर्सिंग कॉलेजात माझी कॅन्टीन आहे. तिथल्या एका मॅडमची मला भीतीच वाटते बाई. वॉर्डातून आलेल्या पोरींना त्या गोल बसवतात आणि हळूच म्हणतात, “आज कुठं घाबरल्या, सांगा वं पोरींनो.” मग कोणी बोलेपर्यंत वाट बघतात. हातातला चहा निवून जातो.

परवा एक पोरगी रडतच म्हणाली, “भलत्याच पेशंटले इंजेक्शन देणार होती मी, मॅडम. त्याच्या बायकोनं इंजेक्शन कोणाच्या नावाचं ते विचारलं, म्हणून वाचला.”

आता हिचं नाव वर जाणार, कॉलेज सुटणार! मी केटली खाली ठेवली. मॅडमनी काही न लिहिता समोरची वही मिटली.

“माझ्या वेळी पेशंटजवळ नाव विचारणारं कोणी नव्हतं वं,” त्या म्हणाल्या.

मी त्यांचा निवलेला चहा ओतून दिला आणि कपात केटलीतला गरम भरला.