पाटोळे सरांचे दहा प्रश्न

स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या माणसाकडे शेवटी इंग्रजी उरत नाही, किस्से उरतात. पौड सोडून मला बरीच वर्षं झाली. विद्यार्थी टेन्स विसरले, मीही बरंच विसरले. पण एखाद्या लग्नात, बारशात, भाजीच्या गाडीवर कुणी ना कुणी भेटतं आणि म्हणतं, "मॅडम, तो डॉक्टरांचा किस्सा सांगा ना." एक सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आज सगळेच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या वेळी भाजी घेऊन वेळेवर घरी जाता येईल.

मी मूळची परभणीची. नवऱ्याची नोकरी हिंजवडीला आयटीत, फ्लॅट भूगावला, आणि दिवसभर घरात बसून मी भिंतींशी भांडायला लागले होते. तेवढ्यात, दोन हजार चार-पाचच्या सुमारास, पौडच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर एक क्लास निघाला आणि मी तिथे शिकवायला लागले. संचालक पाटोळे सर. सर मे महिन्यातही टाय लावत. इंग्रजी मात्र जपून वापरत, ठेवणीतल्या शालूसारखं. खालून युरियाचा वास यायचा आणि वर आम्ही 'हाऊ डू यू डू' म्हणायचो.

सरांनी एक 'प्रोजेक्ट' काढला होता. प्रत्येकानं आपल्याला आवडणाऱ्या करिअरमधला एक माणूस गाठायचा आणि इंग्रजीत त्याची मुलाखत घ्यायची. प्रश्न दहा, सरांनीच ठरवलेले, पाठ करायचे. पहिला, तुमचं पद काय. पाचवा, या कामात काय आवडत नाही. दहावा, मला तुमच्यासारखं काम करायचं असेल तर काय करू. झालं की उभं राहून 'थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल टाइम' म्हणायचं. मुलाखत नाही तर सर्टिफिकेट नाही!

पहिल्याच बॅचला मी विचारलं, कुणाला काय व्हायचंय? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, सॉफ्टवेअर. तिथे काय करतात, असं विचारल्यावर सगळ्यांनी वह्या चाळायला घेतल्या. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "एसीत बसत्यात."

मी त्याला चूक म्हटलं नाही. माझा नवरा घरी येऊन तरी वेगळं काय सांगत होता?

*

शीतलला नर्स व्हायचं होतं. ओळखीची नर्स कुणी नव्हती, म्हणून ती एका डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर भले होते, पण आपल्यासमोरच्या स्टुलावर बसलेला माणूस धडधाकट असू शकतो हे त्यांना मान्य नव्हतं. शीतलनं 'गुड मॉर्निंग सर, व्हॉट इज युवर' एवढं म्हटलं आणि तोंडात थर्मामीटर आलं. मग 'आ' करायला लावलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, अशक्तपणा आहे म्हणाले आणि पडद्यामागे नेऊन इंजेक्शन.

क्लासला आली ती कंबर चोळतच. प्रश्न किती विचारून झाले, असं मी विचारलं.

"मॅडम, जीभ सारखी भायेरच व्हती."

सरांनी तिला सर्टिफिकेट दिलं. डॉक्टरांचं काम इतक्या जवळून वर्गात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

*

अमोलला फौजदार व्हायचं होतं. तो एका पोलीस चौकीत गेला. चौकीचं नाव सांगत नाही, कारण पुढचं प्रकरण कोर्टात गेलं.

त्या दिवशी चौकीत चोरीची मोटरसायकल आणली होती आणि पंचनाम्याला पंच हवा होता. अशा वेळी आमच्याकडे रस्ता आपोआप रिकामा होतो. दुकानदार शटर अर्धं ओढतात, टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून निघून जातात. आणि आमचा अमोल शर्ट खोचून, भांग पाडून, स्वतःच्या पायांनी आत शिरला आणि म्हणाला, "मे आय कम इन, सर?" जमादारांना गहिवरून आलं. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सही घेतली.

सही करून झाल्यावर अमोलनं पाचवा प्रश्न विचारला. या कामात तुम्हाला काय आवडत नाही?

जमादार म्हणाले, "पंच मिळत न्हाईत."

पुढे कितीतरी दिवस तो कोर्टाच्या तारखांना जात होता. तिथे एखाद्या वकिलाची मुलाखत घेऊन टाक, असं मी एकदा सुचवलं, तर वही उचलून मागच्या बाकावर जाऊन बसला.

*

बाकीच्यांना मुलाखत हवी होती सर्टिफिकेटसाठी. वैशालीला ती खरोखर हवी होती.

वैशाली माले गावची, बी.कॉम. झालेली. परदेशातल्या कंपन्यांची बिलं हिंजवडीत बसून तपासतात, असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं आणि तिला तेच काम करायचं होतं. वडील, तात्या, भातशेती करणारे, कमी बोलणारे. त्यांनी एकदाच सांगून टाकलं होतं, "बॅच संपस्तवर नोकरी बघ. न्हाईतर यंदा लगीन." त्यांचंही चूक नव्हतं. धाकटी मागे उभी होती आणि भावकी रोज विचारत होती. पण नोकरी बघायची म्हणजे कुठे बघायची, हे सांगणारा एकही माणूस वैशालीच्या ओळखीत नव्हता. तिची सगळी भिस्त दहाव्या प्रश्नावर होती.

ती हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर गेली. वॉचमननं विचारलं, किससे मिलना है? ही म्हणाली, किसी से भी. नाव सांगितल्याशिवाय आत सोडत नाही म्हणाला. आणि आत गेल्याशिवाय नाव कळणार कसं? तिनं फोन केला, तर एका मधाळ आवाजाच्या बाईंनी नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, कळवतो.

घरी बघायला पाहुणे येत, तेही असेच. पोहे खायचे, उंची विचारायची, चालून दाखवायला लावायचं, उठताना 'कळवतो' म्हणायचं. त्यांच्या घराला मोबाइलची रेंज फक्त गोठ्याच्या मागे. पाहुणे गेले की तात्या दोन दिवस कामधाम सोडून तिथे मोबाइल धरून बसत. कळवतो म्हणून गेलेल्यांतल्या एकानंही कधी कळवलं नाही. मला या लोकांचा अजून राग येतो. नाही म्हणायला काय जीभ झडते?

*

संतोषला 'बिझनेसमन' व्हायचं होतं, म्हणजे जमिनीचा एजंट. त्या वर्षांत पौड रस्त्याला चहाच्या टपऱ्यांपेक्षा एजंट जास्त होते. त्यातल्या बाळासाहेबाला त्यानं गाठलं. गडी वस्ताद. एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही, उलट विचारलं. तुज्या घरचा सातबारा कुणाच्या नावावर हाय? रस्त्याची बाजू कंची? चुलते इकत्यात का?

संतोष मुलाखत देऊन परत आला.

पुढच्या सोमवारी बाळासाहेबानं स्वतःच क्लासला नाव घातलं. पुण्याची गिऱ्हाइकं इंग्लिशमध्ये घासाघीस करतात म्हणे. पहिल्या बाकावर बसायचा, गॉगल कपाळावर, आणि मधल्या सुट्टीत एकेकाची मुलाखत घ्यायचा. वर्गातल्या प्रत्येकाची जमीन, विहीर, भावकीतलं भांडण त्याला तोंडपाठ झालं. बॅच संपायच्या आत पाटोळे सरांची कासारसाईची जमीन गेली. 'बेस्ट स्टुडंट'चं बक्षीस सरांनी त्यालाच दिलं, आणि फोटोत दोघांपैकी एकच जण हसतोय.

जमिनीबरोबर तो स्थळंही जुळवायचा. माहिती तीच लागते.

*

गणेशला हॉटेल लाइन आवडायची. तो मुळशी धरणाकाठच्या एका रिसॉर्टच्या मॅनेजरकडे गेला. मॅनेजर कोटात, पाण्याकडच्या खुर्चीवर. गणेशनं इंग्रजीत विचारलं, त्यानं इंग्रजीत सांगितलं. अर्धा तास दोघं तलवारीला तलवार भिडवावी तसे झुंजले आणि एकमेकांचं अक्षरही कुणाला कळलं नाही. शेवटी गणेशच्या तोंडून चुकून 'आयला' निघून गेलं.

मॅनेजरनं मान पुढे केली आणि हळूच विचारलं, "कुठला रे तू?"

मॅनेजर स्वतः अंबाजोगाईचा निघाला. गणेशला हायसं वाटलं, तो मोकळ्या आवाजात बोलायला लागला, तर मॅनेजरनं त्याचा दंड धरून त्याला थेट भटारखान्यात नेलं. म्हणाला, "मराठी इथं बोल. बाहेर गेस्ट ऐकतात."

ते गेस्ट होते सदाशिव पेठेतले. तेही एकमेकांशी हिंदीत बोलत होते, वेटरवर छाप पडावी म्हणून! वेटर गणेशचा मावसभाऊ.

नोकरीचं विचारलं तर मॅनेजर म्हणाला, कळवतो.

*

बॅच संपत आली तरी वैशालीला माणूस मिळेना. शेवटी मी तिला माझ्या घरी नेलं आणि नवऱ्यासमोर बसवलं. त्याचं खातं वेगळं, पण निदान आतला माणूस.

तिनं विचारलं, तुम्ही दिवसभर काय करता? नवरा खुलला. मला एवढ्या उत्साहानं त्यानं कधी काही सांगितलं नव्हतं. क्लायंट, डिलिव्हरी, एस्कलेशन, अलाइनमेंट. चहा दोनदा झाला. तो आतल्या खोलीत गेल्यावर मी वैशालीला विचारलं, काय समजलं? तिनं खूप विचार करून सांगितलं, "सर मीटिंगला बसत्यात. मग त्या मीटिंगमंदी काय झालं ते सांगायला दुसऱ्या मीटिंगला बसत्यात."

आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मलाही ते तेव्हाच समजलं.

बिलं तपासणाऱ्या खात्यातलं कुणी ओळखीचं आहे का, असं तिनं जाताना विचारलं. माझा सख्खा नवरा, शहाणा, शिकलेला माणूस, तिला म्हणाला, "विचारून कळवतो." मी त्या रात्री त्याला शिळी भाकरी वाढली.

*

आणि त्याच आठवड्यात बाळासाहेबानं वैशालीसाठी स्थळ आणलं. मुलगा हिंजवडीला 'कंपनीत'. मुलाकडच्यांना इंग्लिश बोलणारी मुलगी हवी, म्हणून मॅडमनी हजर राहावं, असा निरोप मला आला. वैशाली माझ्याशी डोळे भिडवत नव्हती. बॅचचे चार दिवस उरले होते.

सुमोतून तिघं उतरली. मुलगा, त्याची आई आणि मामा. बोलायचं खातं मामाकडे. उंची विचारून झाली, स्वयंपाक विचारून झाला, उपास कुठले करते ते झालं. पोह्यांची दुसरी प्लेट घेत मामा म्हणाले, "पोरगी इंग्लिश बोलती म्हनं. बोलून दाखवू द्या की."

वैशालीनं हातातला ट्रे खाली ठेवला. मुलाच्या समोरची खुर्ची ओढून बसली. आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, सर. व्हॉट इज युवर डेझिग्नेशन?"

मुलगा दचकला, पण सवयीनं उत्तर दिलं. टीम लीडर. बिलं तपासायच्या खात्यात.

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांचा घास गिळायचा विसरले. ज्या माणसापाशी पोचायला ती तीन महिने वणवण करत होती, तो तिच्या घरी येऊन बसला होता, पोह्यांवर लिंबू पिळत.

मग ती थांबलीच नाही. दुसरा प्रश्न, तिसरा, चौथा. मुलगा आधी अडखळला, मग रंगला. त्याच्या कामाबद्दल त्याला आजवर कुणी काही विचारलंच नसावं. आई तर 'कांपुटरवर असतो' एवढंच सांगायची. मामा सारखे विचारत होते, काय म्हनतीया, म्हणून तो मराठीतही सांगायला लागला. या कामात बायका पुढे जातात का, या प्रश्नाला त्यानं अभिमानानं सांगितलं की त्याची मॅनेजर एक मॅडमच आहे आणि तिच्याशिवाय पान हलत नाही.

दहावा प्रश्न. मला हे काम करायचं असेल तर काय करू? त्यानं सगळं सांगितलं. दर शनिवारी थेट मुलाखती असतात, दोन नंबरचं गेट, बायोडेटा घेऊन यायचं, बी.कॉम. चालतं, माझं नाव सांगायचं.

कोपऱ्यातून तात्यांचा आवाज आला. तेवढ्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले. "शनिवार म्हंजी ह्यो येनारा का पुढचा?"

"हाच येणारा," मुलगा म्हणाला.

प्रश्न संपले होते. उठून थँक यू म्हणायचं होतं. पण वैशाली उठली नाही. तिनं अकरावा प्रश्न विचारला, तो सरांचा नव्हता आणि इंग्रजीतही नव्हता. "तुमच्या बायकूनं ह्येच काम केलं, तर तुमाला चालंल का?"

मुलानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "आमच्यात सुना भायेर जात न्हाईत. घरचंच लई असतंय." मुलगा प्लेटमधले शेंगदाणे चमच्यानं इकडचे तिकडे करू लागला.

वैशाली उभी राहिली. "थँक यू फॉर युवर व्हॅल्युएबल टाइम, सर." मुलगाही ताडकन उठला आणि म्हणाला, "यू आर वेलकम." कंपनीची सवय.

मग सुपारी खाऊन झाली. मामांनी हात पुसले, तोंड पुसलं, सगळे सुमोपर्यंत आले. मामा तात्यांना म्हणाले, "पोरगी बरी हाय. मंग आमी..."

तात्यांनी टोपी नीट केली, सुमोचं दार उघडून धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आमी कळवतो."