गुरुवारी दिसणारं चित्र

निगडीच्या दुरुस्तीवाल्यासमोर मी मोठ्या रुबाबात पंच्याचं गाठोडं सोडलं आणि म्हणालो, "भाऊ, याचं चित्र मधेच जातं." त्याने आतली काळी पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि शांतपणे सांगितलं की हा केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे, डीव्हीडी प्लेयर घरीच राहिलेला दिसतो. रिमोट मात्र मी बरोबर डीव्हीडीचा नेला होता. मी कंपनीत क्वालिटीला आहे, लोकांचे पार्ट तपासून नापास करतो, हे त्या दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं, तेवढंच बरं झालं.

प्लेयर आमच्याकडे कित्येक वर्षं शोकेसमध्ये धूळ खात पडला होता. बाहेर काढायचं कारण म्हणजे सासूबाई गेल्या. फोटो पुष्कळ होते. पण त्या चालताहेत, बोलताहेत असं फक्त एका ठिकाणी होतं, आमच्या तळवड्याच्या घराच्या वास्तुशांतीच्या डिस्कवर. डिस्कवर इतके ओरखडे की मोबाइलच्या दुकानातल्या कॉम्प्युटरने ती आत ओढून घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि थुंकल्यासारखी बाहेर टाकली. आमचा म्हातारा प्लेयर तेवढा तिला ओळखायचा. आणि आता त्याचंच चित्र जायला लागलं होतं. आवाज यायचा, चित्र नाही. तो पुरता बंद पडला तर आई पुन्हा दिसणार नाही, या धास्तीने बायको त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघायची.

दुसऱ्या खेपेला मी खरा प्लेयर नेला. दुकानात तो तासभर उत्तम चालला. दुरुस्तीवाला म्हणाला, काही नाही याला. घरी लावला, तरीही उत्तम. मी विजयी मुद्रेने कंपनीत गेलो, आणि संध्याकाळी बायको म्हणाली, "आजही गेलं."

असं बरेच आठवडे चाललं. आमच्या पट्ट्यात कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो. सुट्टीच्या दिवशी मी पेचकस घेऊन बसायचो, डिस्क पहिल्यापासून लावायचो आणि चित्र दगडासारखं स्थिर. होमाचा धूर दिसायचा. पाटावर सोवळं सावरत बसलेला, गुरुजी सांगतील तिथे पाणी सोडणारा मी दिसायचो, डोक्यावर भरपूर केस असलेला. बायको कॅमेऱ्याकडे चोरून बघताना दिसायची. पुढे सासूबाई पाठमोऱ्या दिसायच्या, पण त्या वळेपर्यंत मी बघितलं नाही कधी. चालतंय म्हटल्यावर मी बंद करून जेवायला बसायचो. तिला बघायला बोलवायचो, तर ती म्हणायची, तुमच्यासमोर नको. मग शुक्रवारी पुन्हा तेच.

"नेमकं कधी जातं?" मी एकदा विचारलं.

"आई वळायला लागली की. तोंड दिसायच्या आत."

मी हसलो, पण ते हसू फार लांब गेलं नाही. यंत्राला सासूबाई कळत नाहीत, पाठ कळत नाही, तोंड कळत नाही, एवढं मला कळत होतं. तरी ते खोटं वाटेना. आणि यंत्र ठीक असेल, तर मग दुखणं यंत्रात नाही, असाही विचार मनात आला. तो मी बोलून दाखवला नाही. नुसता तिच्याकडे जरा जास्त लक्ष देऊन बघू लागलो, आणि ते तिला आवडत नाही हेही बघू लागलो.

एका मंगळवारी निघोज्याहून पार्ट आले नाहीत, लाइन थांबली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आलो. जिना चढताना सासूबाईंचा आवाज ऐकू आला.

रेकॉर्डिंगचा आहे हे मला माहीत होतं. तरी माझा पाय त्या पायरीवरच राहिला. कारण त्यांच्या आवाजामागोमाग माझ्या बायकोचा आवाज आला, आणि तो रेकॉर्डिंगचा नव्हता.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती दिवाणाला पाठ टेकून खाली बसली होती. टीव्ही काळा. आतून मांडवातली गडबड, भांडी, कुणाचं तरी हसणं येत होतं, आणि त्या सगळ्यातून सासूबाईंचा बीडकडचा सूर.

"दमलीस काय गं बाई? टेक जरा."

"टेकलेच आहे," बायको म्हणाली.

"पाणी पी आधी."

तिने शेजारचा पेला उचलला आणि पाणी प्यायली.

काळ्या काचेत ती दिसत होती. तिच्यामागे दारात कुणीतरी उभं होतं. घामेजलेलं, हातात डबा घेतलेलं, बिलकूल न हलणारं. ते आपणच आहोत हे ओळखायला मला वेळ लागला. तिने मागे न वळताच विचारलं, आज लवकर कसे. मी म्हटलं, पार्ट आले नाहीत. यापेक्षा शहाणं काही सुचलं नाही.

मग करायला काहीतरी हवं म्हणून मी शोकेसकडे गेलो आणि प्लेयरवर हात ठेवला. तळहाताला हिसका बसला. शोकेसची काच बारीक थरथरत होती. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शेड आहे, तिथे पत्रा दाबायच्या प्रेस चालतात. धप्प, मग थोडा दम, मग पुन्हा धप्प. इतक्या वर्षांत तो ठोका आमच्या कानाला उरलाच नव्हता. मी बोटाने मागची पिवळी वायर दाबून धरली आणि पडद्यावर झपकन मांडव आला. सोडली, ठोका पडला, मांडव गेला. लाल-पांढऱ्या वायरी आवाजाच्या. त्या घट्ट होत्या. चित्राची तेवढी खिळखिळी.

पुढचं शेडच्या वेळापत्रकात होतं. बायको भांडी आवरून डिस्क लावायची, ती तिकडच्या जेवणाच्या सुट्टीत. होम होऊन सासूबाई पडद्यावर येईपर्यंत सुट्टी संपायची आणि मोठी प्रेस सुरू व्हायची. गुरुवारी शेड बंद. तेव्हाच मी प्लेयर तपासणार आणि तिला वेड्यात काढणार. सहा दिवस हलणारा पार्ट सातव्या दिवशी तपासून पास करणारा हा असा क्वालिटीवाला.

दुरुस्तीवाल्याने पिवळ्या वायरीचं तोंड आतून नवीन डाग देऊन बसवलं. पेटी तपासून आणलीत ना, हे विचारायला तो विसरला नाही. मी प्लेयर भिंतीपासून सरकवून घडी घातलेल्या सतरंजीवर ठेवला आणि एक दिवस रजा टाकली, मुद्दाम गुरुवार सोडून. या वेळी मात्र ती माझ्यासमोर बघायला तयार झाली.

दुपारी आम्ही दोघं बसलो. मागे प्रेस सुरू झाली. चित्र हललंसुद्धा नाही. सासूबाई वळल्या. नऊवारीचा पदर खोचलेला, कपाळावर घाम, हसऱ्या. बायकोने माझं मनगट पकडलं. कॅमेरा त्यांच्यामागून फिरला, आणि ज्यांना त्या "दमलीस काय गं बाई" म्हणाल्या, त्या बाई दिसल्या. पुऱ्या लाटायला आलेल्या, आमच्या ओळखीच्याही नसलेल्या. पाणी त्याच प्यायल्या.

बायकोने मनगट सोडलं. डिस्क शेवटपर्यंत चालली. सासूबाई आणखी दोनतीनदा दिसल्या, छान स्पष्ट. मी म्हणालो, बघ, एकदम नव्यासारखं. ती हो म्हणाली आणि उठून वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली.

संध्याकाळी मी चहा पीत होतो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, आता कौतुक होणार.

"गुरुवारी तुमच्यासाठी लावत जाऊ चित्र," ती घडीवरून हात फिरवत म्हणाली. "बाकीचे दिवस कामाला जाताना ती पिवळी वायर काढून ठेवत जा. दिसत नव्हतं, तेव्हा आई मला विचारत होती."