खतखड्ड्याची मोजणी

१९६१च्या मे महिन्यात बोरी अरबजवळ एका शेतात सरकारी अनुदानासाठी खतखड्ड्याची मोजणी झाली. वार्ताहर म्हणून मी हजर होतो. खोली तीन फूट भरली तरच अनुदान मिळणार होते. शेतकऱ्याने मात्र हौसेने खड्डा आधीच शेणकाल्याने भरून ठेवला होता.

"रिकामा करा," तपासनीस म्हणाले.

"कायले? जमीन उपाशी हाय, तिचं ताट उचलू काय?" असे म्हणत तो धोतर खोचून आत उतरला आणि तळावर ताठ उभा राहिला. "आता मोजा न साहेब, मी किती वर उरलो ते!"

तपासनिसांनी मोजले. ते ज्यातून वजा करायचे, ती त्याची पूर्ण उंचीही हवी होती. तो निथळत बाहेर आला आणि त्यांना खेटून उभा राहिला.

खोली सव्वातीन फूट भरली. अनुदान मंजूर झाले. शेणाने माखलेला मोजणीचा टेप तपासनिसांनी त्यालाच देऊन टाकला.